शपथ आधी की कायदा? फ्रीमेसन लॉज आणि नियमपालनाची तीनशे वर्षे

1723 साली लंडनमध्ये फ्रीमेसन संघटनेची पहिली छापील घटना प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रँड मास्टरच्या खुर्चीवर ड्यूक ऑफ व्हॉर्टन बसला होता. त्या घटनेच्या दुसऱ्याच कलमात बजावले होते की मेसनने राज्यसत्तेविरुद्धच्या कटकारस्थानांत पडू नये. पुढे 1729 मध्ये हाच व्हॉर्टन परागंदा राजघराण्याची बाजू घेतल्यामुळे राजद्रोही ठरला. कायदा पाळण्याची प्रतिज्ञा आणि ती मोडणारा माणूस एकाच छताखाली, तेही पहिल्याच पानापासून!

फ्रीमेसनरीबद्दल आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा गूढ चिन्हे, हस्तांदोलनाच्या खुणा आणि जागतिक कारस्थानांच्या वावड्या यांतच अडकलेले असते. उत्तर हिंदुस्थानात तर लोक लॉजच्या, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेच्या, इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. या धुरळ्यात एक साधा नागरी प्रश्न हरवतो. गुप्ततेची शपथ घेतलेला माणूस देशाचा कायदा आणि स्वतःच्या संस्थेचे नियम कसे पाळतो? दोहोंत ओढाताण झाली तर तो कोणाचे ऐकतो? तीनशे वर्षांचा पुरावा पाहिला तर उत्तर बरेच स्पष्ट मिळते. शपथेचे शब्द फारसे कधी आडवे आले नाहीत. लॉजचे स्वतःचे नियम जिथे कागदावरच राहिले, तिथेच देशाचा कायदाही मोडला गेला.

दुसरे कलम

ही घटना लिहिणारा जेम्स अँडरसन हा स्कॉटिश प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. आधीच्या शतकातल्या यादवीच्या जखमा ताज्या असताना त्याने लिहिले, म्हणून त्याचा सूर सावध आहे. मेसन जिथे राहील तिथल्या सत्तेचा शांत प्रजाजन असावा, राष्ट्राच्या शांततेला बाधा येईल अशा उद्योगांत त्याने पडू नये, हा पहिला भाग. दुसरा भाग मात्र चकित करणारा आहे. एखादा बंधू बंडखोर निघालाच तर त्याच्या बंडाला पाठिंबा देऊ नये, सरकारला संशय येईल असे काही करू नये. पण त्याच्यावर बंडाखेरीज दुसरा गुन्हा सिद्ध झाला नसेल, तर त्याला लॉजमधून काढताही येणार नाही.

म्हणजे लॉजने बंडखोराला आश्रय द्यायचा नाही आणि सरकारचा पोलीसही व्हायचे नाही. हे कलम किती ताणले जाऊ शकते, ते लवकरच दिसले. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा, म्हणजे तिथल्या लॉजवरील मध्यवर्ती संस्थेचा, माजी प्रमुख अर्ल ऑफ किलमार्नॉक परागंदा राजघराण्यासाठी झालेल्या 1745 च्या जॅकोबाइट बंडात सामील झाला आणि 1746 मध्ये लंडनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. बेनेडिक्ट अर्नोल्ड हा सेनानी ब्रिटिशांना फितूर झाल्यावर पोकीप्सी येथील सॉलोमन्स लॉजने 1781 मध्ये आपल्या इतिवृत्तातून त्याचे नावच पुसून टाकण्याचा ठराव केला. अँडरसनच्या कलमाला हे धरून होते का, यावर वाद घालता येईल. पण फितुरी सहन न होणे हा लॉजचा स्वभाव त्यातून दिसतो.

आजच्या इंग्लिश पठडीतल्या दीक्षाविधीत नव्या सभासदाला जो उपदेश केला जातो, त्यात हीच शिकवण आहे: समाजाची शांतता बिघडेल असे काही सुचवू नये वा खपवून घेऊ नये, आणि काही काळ ज्या देशात राहाल त्या देशाचे कायदे पाळावेत. लॉजचा मास्टर म्हणून निवडून आलेल्याला खुर्चीवर बसण्यापूर्वी जुनी कर्तव्ये वाचून दाखवतात आणि ती मान्य असल्याचे त्याच्याकडून वदवून घेतात. त्यातही देशाच्या कायद्यापुढे मान तुकवण्याची अट आहे. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये चर्चा करायची नाही, हा नियम याच मुळातून आलेला आहे.

सरकारदरबारी नावांची यादी

कायदा पाळतो असे म्हणणे सोपे, कायद्याने दार ठोठावल्यावर काय होते ते महत्त्वाचे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ब्रिटिश सरकारला गुप्त मंडळ्यांची धास्ती वाटू लागली आणि 1799 मध्ये बेकायदा संस्थांविरुद्धचा कायदा आला. शपथ घेणाऱ्या गुप्त संस्थांवर त्याने बंदी घातली. ड्यूक ऑफ अथॉल आणि अर्ल ऑफ मोयरा यांनी रदबदली करून मेसनिक लॉजना सवलत मिळवून दिली. अट एकच होती: प्रत्येक लॉजने दरवर्षी आपल्या सभासदांची नावे, व्यवसाय आणि पत्ते जिल्ह्याच्या सरकारी कारकुनाकडे द्यायचे. ही अट कायद्यातून जायला 1967 साल उजाडले.

गुप्त म्हणवल्या जाणाऱ्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या याद्या सरकारला दिल्या, ही गोष्ट वावड्यांच्या गर्दीत कोणी सांगत नाही. आज इतिहासकारांना त्या याद्यांचा मोठा उपयोग होतो. मात्र चित्र अगदी स्वच्छही नाही. सवलत कायद्याआधी अस्तित्वात असलेल्या लॉजपुरती होती असा अर्थ निघत होता, म्हणून काही काळ नव्या लॉजना बंद पडलेल्या लॉजच्या जुन्या सनदा देऊन वाट काढली गेली. कायद्याचे अक्षर पाळायचे आणि त्यातल्या फटीतून निघून जायचे, ही कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

सनद, पोटनियम आणि काळे गोटे

बाहेरच्या कायद्याइतकेच लॉजचे आतले नियम काटेकोर असतात. ग्रँड लॉजने दिलेल्या सनदेशिवाय लॉज भरवता येत नाही. लॉजचे पोटनियम वरून मंजूर होऊन यावे लागतात. सभेची लेखी सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त, जमाखर्च आणि त्याची तपासणी हे सगळे ठरलेले. आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत जशी कायदा, नियम, उपविधी आणि मग सर्वसाधारण सभेचा ठराव अशी उतरंड असते, तशीच इथेही आहे: आधी देशाचा कायदा, मग ग्रँड लॉजची घटना, मग लॉजचे पोटनियम, आणि सगळ्यांत शेवटी मास्टरची हातोडी.

नव्या माणसाला घेताना गुप्त मतदान होते. इंग्लिश घटनेनुसार नकाराचे तीन काळे गोटे पडले की उमेदवार नाकारला जातो. लॉजला पोटनियमाने ही संख्या दोन किंवा एकावर आणता येते, वाढवता येत नाही. वयाची अट दीर्घकाळ 21 वर्षांची होती. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग 1886 मध्ये लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ लॉजमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याला 21 पूर्ण झाली नव्हती. लॉजला चिटणीस हवा होता, म्हणून वरिष्ठांची रीतसर सूट घेऊन त्याला घेतले. नियमाला अपवाद करायचा तर तोही नियमानेच, हे इथले वळण.

पण नियमाचा वापर दार बंद करायलाही होतो. एकोणिसाव्या शतकात बंगाल प्रांतिक ग्रँड लॉजचा पोटनियम होता की प्रांतप्रमुखाच्या परवानगीशिवाय कोणा आशियाई माणसाला दीक्षा द्यायची नाही. लंडनच्या मूळ घटनेत वर्ण वा वंशाची अशी आडकाठी नव्हती. प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 पासून हा प्रश्न लावून धरला. हिंदू अनेक देव मानतात, मग त्यांना शपथ कशी द्यायची, असे आक्षेप घेतले गेले. अखेर 1872 मध्ये कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले.

मुंबईची गोष्ट आणखी आधीची. इथल्या युरोपियन लॉजने माणेकजी करसेटजी यांना नाकारले, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. मग 1843 मध्ये स्कॉटिश घटनेखाली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघाले, ते मुख्यतः भारतीयांसाठी. या मंडळींनी भांडणासाठी घटनेचाच आधार घेतला. खरशेदजी रुस्तमजी कामा आणि फिरोजशहा मेहता यांच्यासारखे मुंबईचे पारशी पुढारी मेसन होते. ठराव, इतिवृत्त आणि मतदान यांच्या शिस्तीचा सराव त्या पिढीला जिथे जिथे मिळाला, त्यांत लॉजही होते.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

आता मूळ प्रश्न. बंधूचे गुपित राखीन, अशी शपथ मेसन घेतो. बंधूने गुन्हा केला असेल तर? इंग्लिश विधीतील शपथेत याचे उत्तर शब्दांतच आहे. खून, राजद्रोह, गंभीर गुन्हे आणि ईश्वराच्या व देशाच्या कायद्याविरुद्धची कृत्ये या वचनातून वगळलेली आहेत. अमेरिकेतल्या पठडीत हा अपवाद बहुधा खून आणि राजद्रोह यांपुरता सांगितला जाई.

शब्द असूनही काय होऊ शकते, ते 1826 मध्ये न्यू यॉर्क राज्यात दिसले. बटाव्हिया गावच्या विल्यम मॉर्गन याने मेसनरीची गुपिते छापण्याचे जाहीर केले. क्षुल्लक कर्जापायी त्याला तुरुंगात टाकले गेले, तिथून सोडवून घोडागाडीत घालून नेले आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. काही मेसनांना अपहरणाच्या कटाबद्दल शिक्षा झाल्या, त्यात एक शेरीफही होता. पण शिक्षा किरकोळ होत्या. तपास आणि न्याय करणारे लोकच एकमेकांचे बंधू होते, ही भावना जनतेत पसरली. त्या संतापातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला आणि 1832 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या विल्यम वर्ट या उमेदवाराने व्हरमाँट राज्य जिंकले. न्यू यॉर्कमधील कित्येक लॉज बंद पडली. गंमत अशी की वर्ट स्वतः एके काळी मेसन होता.

या प्रकरणाचा धडा लॉजनी हळूहळू घेतला. शपथेतल्या जुन्या भयंकर शारीरिक शिक्षांची वर्णने कोणी प्रत्यक्षात आणत नसे, तरी ती ऐकणाऱ्याला धमकीसारखी वाटत. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने 1986 मध्ये ती शपथेतून काढली. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सभासदाने ते स्वतःहून लॉजला कळवावे, असा नियमही तिथल्या घटनेत आहे.

भारतातली स्थिती कायद्याने निःसंदिग्ध आहे. पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातील संवादाला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. लॉजच्या शपथेला ते नाही. न्यायालयाने विचारले तर मेसनला इतरांसारखीच साक्ष द्यावी लागते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 नुसार काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असल्यास ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना देणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ‘बंधू आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

इतिवृत्त नसलेले लॉज

17 मार्च 1981 रोजी इटलीत अरेझ्झोजवळ लिचो जेल्ली या व्यावसायिकाच्या ठिकाणावर छापा पडला. बँकर मिकेले सिंदोना याच्या प्रकरणाचा तपास चालू होता. हाती लागली 962 नावांची यादी: मंत्री, खासदार, सेनापती, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, पत्रकार, उद्योगपती. त्यात पुढे पंतप्रधान झालेले सिल्विओ बर्लुस्कोनीही होते. लॉजचे नाव ‘प्रोपागांदा दुए’, म्हणजेच पी-टू. सरकार कोसळले, तिना आन्सेल्मी यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची चौकशी बसली. इटलीच्या राज्यघटनेचे कलम 18 गुप्त संघटनांना मनाई करतेच. त्याला धार देणारा कायदा जानेवारी 1982 मध्ये झाला आणि पी-टू विसर्जित झाले.

या प्रकरणाने फ्रीमेसनरीची जितकी बदनामी झाली तितकी क्वचितच कशाने झाली असेल. पण बारकाईने पाहिले तर पी-टूमध्ये लॉजपणाची खूणच उरली नव्हती. ते झाकलेले लॉज होते. सभासदांची नावे इतर लॉजना ठाऊक नसत, सर्वांनी एकत्र बसून नियमित सभा घेण्याची पद्धत नव्हती, सूत्रे एका माणसाच्या हातात होती. इटलीच्या ग्रँड ओरिएंट या मध्यवर्ती मेसन संस्थेने 1974 मध्ये ते मोडण्याचा निर्णय घेतला, पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा उभे राहू दिले आणि 1976 मध्ये नुसते निलंबित केले. जेल्लीची हकालपट्टी झाली ती छाप्यानंतर. नियम होते, ते मोडल्याचे वरिष्ठांना दिसत होते, आणि तरी प्रतिष्ठित नावांच्या मोहात त्यांनी डोळेझाक केली. 1993 मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजने इटलीच्या ग्रँड ओरिएंटची मान्यता काढून घेतली.

कायदाच अन्यायी असेल तर

आज्ञाधारकपणाची दुसरी, अधिक अवघड बाजू हुकूमशाहीत दिसली. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीतील जुन्या प्रशियन ग्रँड लॉजनी स्वतःला ‘ख्रिस्ती जर्मन’ संघटना म्हणवून घेतले, मेसनरीची नावे टाकली, ज्यूंना वगळले. इतके वाकूनही 1935 पर्यंत त्यांना विसर्जित करण्यात आलेच. याउलट लिओ म्युफेलमान यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या सिम्बॉलिक ग्रँड लॉजने जर्मनीतले काम थांबवले आणि परदेशात, जेरुसलेममध्ये, दिवा तेवत ठेवला. म्युफेलमान यांना छळछावणी भोगावी लागली, 1934 मध्ये ते वारले. कायद्याचा आदर म्हणजे प्रत्येक हुकमापुढे लोटांगण नव्हे, हे या दोन वाटांतून कळते. म्युफेलमानांनी कट केला नाही. आपल्या मूळ तत्त्वाविरुद्ध वागण्यापेक्षा त्यांनी लॉज बंद करणे पत्करले.

स्पेनमध्ये फ्रँकोने मार्च 1940 मध्ये मेसनरी हाच गुन्हा ठरवणारा कायदा केला. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने 1935 मध्ये गुप्त संघटनांवर बंदी आणली आणि सरकारी नोकरांकडून तशा संघटनेत नसल्याची हमी मागितली. गोव्याला 1961 पर्यंत याच राजवटीखाली राहावे लागले. या कायद्याच्या मसुद्याविरुद्ध लिस्बनच्या वृत्तपत्रात जाहीर लेख लिहिणारा कवी फर्नांदो पेसोआ स्वतः मेसन नव्हता. पाकिस्तानने 1972 मध्ये लॉजवर बंदी घातली.

हिंदुस्थानात हा पेच वेगळ्या रूपात होता. मोतीलाल नेहरू मेसन होते आणि 1921 मध्ये असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेले. सत्याग्रही कायदा मोडतो तो उघडपणे, आणि शिक्षा भोगायला तयार राहून. लॉजच्या आडून कट रचणारा आणि रस्त्यावर उभे राहून अन्यायी कायदा मोडणारा यांना एका तागडीत तोलता येत नाही. अँडरसनच्या जुन्या कलमातला संयम इथे शहाणपणाचा वाटतो: लॉजने सभासदाच्या राजकीय लढ्यात उतरू नये, आणि त्या लढ्यापायी त्याला परकेही करू नये.

नाव सांगा, असे सरकार म्हणते तेव्हा

गेल्या तीस वर्षांत चर्चा नव्या वळणावर आली आहे. न्यायाधीश, पोलीस अधिकारी यांनी आपण मेसन असल्याचे जाहीर करावे का? ब्रिटनने 1998 मध्ये नव्या न्यायाधीशांना तशी सक्ती केली आणि 2009 मध्ये मागे घेतली. मधल्या काळात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इटलीविरुद्धच्या खटल्यांत महत्त्वाचे निकाल दिले होते. मार्के प्रांतात काही सरकारी पदांसाठी ‘मेसन नाही’ अशी हमी मागणारा कायदा होता. 2001 मध्ये न्यायालयाने तो संघटनास्वातंत्र्याचा भंग ठरवला. 2004 मध्ये एका न्यायाधीशाला मेसन असल्याबद्दल झालेली शिक्षा गैर ठरली, कारण मनाई पुरेशा स्पष्ट शब्दांत लिहिलेली नव्हती. सभासदाने कायदा पाळावा ही अपेक्षा रास्त आहे, तशी सरकारने कायदा नीट लिहावा हीसुद्धा.

तरी संशय संपलेला नाही. लंडनमधील डॅनियल मॉर्गन खून प्रकरणाच्या चौकशी समितीला 2021 मध्ये लॉजच्या वशिल्याचा पुरावा मिळाला नाही, तरीही पोलिसांनी सभासदत्व उघड करावे अशी शिफारस तिने केली. डिसेंबर 2025 मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी तसा नियम केलाही. त्यावर मेसनांनी नाराजी व्यक्त केली. पण ज्याच्या हाती तपास आहे त्याचे हितसंबंध लोकांना दिसले पाहिजेत, ही मागणी मेसनद्वेष म्हणून झटकता येणार नाही. शपथेत लपवण्यासारखे काही नाही असा दावा असेल, तर नाव सांगायला हरकत नसावी.

भारतातल्या सभासदाने काय करावे

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. ज्यांना जुन्या इंग्लिश, स्कॉटिश वा आयरिश घटनेखाली राहायचे होते ती लॉजही राहिली. आपल्या राज्यघटनेचे कलम 19(1)(ग) संघटनेचे स्वातंत्र्य देते आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व देशाची एकात्मता यांसाठी वाजवी निर्बंधही मान्य करते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे 1964 चे वर्तणूक नियम याच कारणांसाठी काही संघटनांना मनाई करतात. लॉजच्या नावाने महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास चालत असेल, तर 1950 चा विश्वस्तव्यवस्था अधिनियम, धर्मादाय आयुक्त आणि हिशेबतपासणी आलीच.

एखाद्या मराठी वाचकाला उद्या लॉजचे आमंत्रण आले, तर त्याने खुणांचे कुतूहल बाजूला ठेवून चार कागद मागावेत: सनद, ग्रँड लॉजची घटना, लॉजचे पोटनियम आणि गेल्या वर्षीचा तपासलेला जमाखर्च. हे दाखवायला जे लॉज कचरते तिथे पाऊल टाकू नये. जो आधीच सभासद आहे त्याने निविदा, बदली, नेमणूक किंवा तपास यांत बंधूची शिफारस करू नये, कोणी केली तर ती लॉजच्याच सभेत उघड करावी. आणि नोकरीच्या नियमांनुसार सभासदत्व कळवणे आवश्यक असेल, तर विचारण्याची वाट न पाहता कळवावे. फ्रीमेसनरीची प्रतिष्ठा तिच्या रहस्यांनी कधी वाढली नाही. जिथे इतिवृत्ते लिहिली गेली, याद्या दिल्या गेल्या आणि दोषी सभासदाला बाहेर काढले गेले, तिथेच ती टिकली.